निरक्षर बाबांचा आईबापांस धडा

ज्यांना स्वतःला वाचतां येत नाहीं, त्यांनीं मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, असा प्रश्न वऱ्हाडांतील पुष्कळ आईबापांपुढें असतो. त्यांनीं गाडगे महाराजांचें चरित्र अवश्य ध्यानांत घ्यावें.

ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परीट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्यांचें मूळ नांव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बाप दारूच्या व्यसनापायीं अकालीं वारला. तेव्हां आई सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे या गांवीं माहेरीं आली. पाटी हातीं धरण्याच्या वयांत डेबू मामाचीं गुरें राखूं लागला. शाळा त्याच्या वांट्यास आली नाहीं. परंतु रात्रीं तो भजनांत जाऊन बसे, आणि ऐकतां ऐकतां संतांचे कित्येक अभंग त्याला तोंडपाठ झाले.

मामा चंद्रभानजी मोठे कष्टाळू, पण निरक्षर होते. सावकाराच्या कागदांत काय लिहिलें आहे, हें त्यांना कळत नव्हतें. कर्जापायीं शेत गेलें, आणि त्या दुःखानें मामाहि गेले. अक्षर न आल्यानें घर कसें बुडतें, हें डेबूजीनें तरुणपणींच पाहिलें.

१९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातांत खराटा व मातीचें गाडगें, एवढाच त्यांचा संसार. दिवसा गांव झाडावें व रात्रीं कीर्तन करावें, हा त्यांचा नेम. कीर्तनांत ते साध्या वऱ्हाडी बोलींत प्रश्नामागून प्रश्न विचारीत, आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. कर्ज काढून सण करूं नका, दारू पिऊं नका, शिवाशीव पाळूं नका, असा उपदेश ते करीत. शिक्षणाविषयीं तर त्यांचें सांगणें फार निकडीचें असे. जेवणाचें ताट विकावें लागलें तरी विकावें, भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोस हलक्या किमतीचें लुगडें घ्यावें, पण मुलाला शिकविल्यावांचून राहूं नये. पंढरपूर येथील आपली चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें ते निवर्तले. १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठास पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ज्यानें शाळेंत पाऊल ठेविलें नाहीं, त्याचें नांव आज पदवीपत्रांवर छापलें जातें!

आईबापहो, यांतून आपण काय घ्यावें? डेबूजीच्या कानांवर आधीं शब्द पडले. आपणहि अक्षरओळख होण्यापूर्वींच लेंकरांना गाणीं व गोष्टी ऐकवाव्या. त्याला कांहीं पैसा पडत नाहीं. मूल वाचूं लागलें, कीं सायंकाळीं त्याला जवळ बसवून मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि बाबांप्रमाणें प्रश्न विचारावे: पुढें काय झालें? तो असें कां वागला? विचारणाऱ्यास वाचतां आलें पाहिजे असें नाहीं. त्यानें मन लावून ऐकलें म्हणजे पुरे. तेवढ्या वेळांत मुलाला दुकानांत पाठवूं नये, कीं गुरांकडे धाडूं नये. मुलीलाहि चुलीपासून तेवढी सुटी द्यावी. घरीं आलेलें पत्र, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, सोसायटीची पावती हीं त्यांच्याकडूनच वाचवून घ्यावीं. आपल्या वाचनावर घर विसंबून आहे असें ज्या मुलास वाटतें, तें पुस्तक सहसा टाकीत नाहीं. आणि त्या घरच्या कागदावर न वाचतां आंगठा उमटण्याची वेळहि येत नाहीं.