शिर्डीच्या संगमरवरास दृष्टी देणारे तालीम

आज विजयादशमी. जुन्नर तालुक्यातील आळे गावी ज्या रेड्याच्या समाधीपुढे आपण मस्तक टेकवितो, त्याच्या मुखातून ज्ञानेश्वर माउलींनी पैठणास वेद वदविले, ही कथा आपल्या घराघरांत श्रद्धेने सांगितली जाते. मुक्यास वाचा देणे हे संतांचे सामर्थ्य. आळे फाट्यावरून संगमनेरमार्गे शिर्डीस जाणारा यात्रेकरू ज्या मूर्तीपुढे हात जोडतो, तेथे एका कलावंताने थंड पाषाणास दृष्टी दिली आहे. त्या बाळाजी वसंत तालीम यांचे आजच्या दिवशी स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

तालीम यांचा जन्म १८८८ सालचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले व पुढे मुंबईतच आपली कार्यशाळा चालविली. हुबेहूब व्यक्तिशिल्पे घडविण्यात त्यांचा हातखंडा होता. परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती शिर्डीच्या मूर्तीत.

श्रीसाईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीसच, देह ठेवला. नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी यांनी मुरलीधराच्या स्थापनेसाठी बांधविलेल्या वाड्यात त्यांना समाधी देण्यात आली. मूर्ती येईपर्यंत तेथे बाबांच्या तसबिरीची पूजा होत असे. पुढे इटलीचा शुभ्र संगमरवर लाभला आणि काम तालीम यांच्या हाती आले.

हे काम किती अवघड होते, याचा आपण क्षणभर विचार करू. देवदेवतांच्या मूर्तींस शास्त्राने लक्षणे नेमून दिलेली आहेत. बाबा मात्र कालपरवापर्यंत लोकांत वावरले होते; त्यांच्या हातची उदी घेतलेली माणसे अजून हयात होती. चेहरा चुकला असता, तर त्यांचे हात जुळले असते, पण मन जुळले नसते. आधारास होते ते कृष्णधवल छायाचित्र. छायाचित्र एकच बाजू दाखविते. खांद्याचा उतार, कफनीच्या चुण्या, डोळ्यांची खोली ही शिल्पकारानेच शोधावयाची. मातीच्या नमुन्यात चूक झाली तर माती पुन्हा लावता येते. संगमरवरावर छिन्नीचा एक घाव अधिक पडला, तर तो परत घेता येत नाही.

मुखावरील भाव मनासारखा साधेना, तेव्हा तालीमांनी बाबांचीच करुणा भाकली आणि बाबांनी त्यांस दर्शन दिले, असे भाविक सांगतात. त्या श्रद्धेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. मात्र त्या कृपेस पात्र ठरण्यासाठी हाताला आयुष्यभराची साधना लागते, हेही विसरून चालणार नाही.

७ ऑक्टोबर १९५४ रोजी, पुन्हा विजयादशमीसच, मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ती केली स्वामी साईशरणानंद यांनी, ज्यांनी बाबांना प्रत्यक्ष पाहिले होते. पाहिलेल्या डोळ्यांनी घडविलेल्या रूपास वंदन केले. शिल्पकारास याहून मोठे पारितोषिक कोणते?

तालीम १९७० साली निवर्तले. आजही पहाटेच्या मंगलस्नानाच्या वेळी ती साडेपाच फुटांची शुभ्र मूर्ती अलंकारांवाचून दिसते, तेव्हा त्यांच्या हाताची ओळख पटते. आज आपण घरोघरी अवजारांची पूजा करू. त्या वेळी एक फूल मनोमन त्या छिन्नीसही वाहावे.