बर्फाच्या गावातला द्राक्षमळा

रावेर-यावलची केळी आणि धुळ्याकडची कोरडवाहू कपाशी यांच्या गप्पांत जपानी वाइनचं काय काम? पण निवृत्तीनंतर टोकियोला जाणं झालं, तेव्हा तिथल्या एका वाइन बारमध्ये देशी वाइन पेल्यावर मिळत होती. अख्ख्या बाटलीचा खर्च नको. त्यातली एक लाल वाइन हलकी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. द्राक्षाचं नाव मस्कट बेली ए. ते घडवणाऱ्या झेंबेई कावाकामींची हकिकत समजली आणि चवीपेक्षा तो माणूसच मनात जास्त राहिला.

कावाकामी १८६८ साली निइगाता प्रांतातल्या मोठ्या जमीनदार घरात जन्मले. गाव हिवाळाभर बर्फाखाली, भातशेती बेभरवशाची आणि कुळं कायम ओढगस्तीत. भात न पिकणाऱ्या उतारावर द्राक्ष येईल, त्याची वाइन करता येईल, या हिशेबानं त्यांनी १८९० मध्ये, विशीतच, घराभोवतीची शोभेची बाग मोडून वेली लावल्या. हाच इवानोहाराचा मळा.

युरोपातल्या वेलींना तिथला पाऊस मानवेना. अमेरिकी वेली तगल्या, पण त्यांच्या वाइनला चव नव्हती. आंबताना रस तापला की माल बिघडे. तेव्हा त्यांनी हिवाळ्यातला बर्फ साठवून तळघरं थंड ठेवली. गावाचा वैरीच कामाला जुंपला!

१९२२ पासून ते संकराच्या मागे लागले. एका वेलीचा पराग दुसरीच्या फुलावर घालायचा, बी रुजवायचं, फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं आणि चाखून बहुतेक वेली बाद करायच्या. असे दहा हजारांहून अधिक संकर केले, त्यांतले निवडले फक्त २२. अमेरिकी बेली आणि युरोपी मस्कट हॅम्बुर्ग यांचा संकर १९२७ चा, त्याला पहिलं फळ आलं १९३१ मध्ये.

तोवर घरची संपत्ती आटून कर्ज वाढलं होतं. माझी उमेदीची वर्षं शेतीकर्जाच्या फायलींत गेली. एवढ्या लांब मुदतीचं प्रकरण जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही शाखेत नामंजूरच झालं असतं, आणि नियमाला धरूनच. कावाकामींना हात दिला तो शिंजिरो तोरीई या उद्योजकानं. त्यांचीच कंपनी पुढे सनटोरी झाली. १९३४ मध्ये दोघांची भागीदारी झाली आणि मळा वाचला.

१९४४ मध्ये कावाकामी वारले. त्यांच्या द्राक्षाची आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेकडे नोंद झाली ती २०१३ मध्ये.

कपाशीचा भाव पडला की आपल्याकडेही दुसरं पीक घ्या, असा सल्ला सगळेच देतात. ते पीक शोधायला लागणारी वीस-तीस वर्षं मात्र कोणी मोजत नाही. कावाकामींकडे घालवायला वाडवडिलांची इस्टेट होती, आणि तरी ते बुडता बुडता वाचले. चार एकरांच्या धन्यानं असा प्रयोग कोणाच्या जिवावर करायचा?