वालचंद हिराचंद आणि अनोळखी ट्रक इंजिनाचा पत्ता

तेजस बनवणारी एचएएल, विशाखापट्टणमची हिंदुस्थान शिपयार्ड आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीमागची प्रीमियर कंपनी, या तिन्हींची सुरुवात एकाच मराठी मुलखातल्या माणसाने केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी. आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि सोबत जुन्या ट्रकचं अनोळखी इंजिन ओळखायचं कसं तेही.

ठेकेदार ते जहाजमालक

वालचंद यांचा जन्म १८८२ चा. घरचा धंदा व्यापार आणि सावकारीचा. त्यांना त्यात रस वाटेना. कॉलेज अर्धवट सुटलं आणि रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून त्यांनी रेल्वेबांधणीचे ठेके घ्यायला सुरुवात केली.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांसोबत 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतलं आणि सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो यामुळेच. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली.

गाडीचा करार

भारतातच मोटार बनवायची योजना सर विश्वेश्वरय्यांनी मांडली होती. वालचंद तिच्या मागे लागले आणि १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला. याच प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली, आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली.

विमानाचा कारखाना युद्धाला हवा होता, म्हणून तो झाला. मोटारीच्या कारखान्याला मात्र ब्रिटिश सरकारने पाठबळ दिलं नाही. करार हातात, पण काम ठप्प! याचा अर्थ मला नीट कळला तो एका गंजलेल्या इंजिनामुळे.

इंजिन ओळखायचं कसं?

बोर्ली पंचतनला आमच्या ओळखीच्या काकांच्या सुपारीच्या वाडीत एक जुनं इंजिन पडून होतं. पूर्वी त्यावर विहिरीचा पंप चालायचा. कुठल्या गाडीचं, कुणालाच माहीत नाही. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, आणि काका म्हणाले, आधी हे काय आहे ते तरी बघ. मी सॉफ्टवेअरवाला, पण हेसुद्धा एक प्रकारचं डिबगिंगच की.

१. पेट्रोल की डिझेल? स्पार्क प्लग असले तर पेट्रोल. त्या जागी इंजेक्टर आणि बाजूला फ्युएल पंप असला तर डिझेल. इथे सहा प्लग होते, म्हणजे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन.

२. हेड कसं आहे? वरचं हेड म्हणजे सपाट जाड पाट आणि व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, याला फ्लॅटहेड म्हणतात. क्रायस्लरच्या अशा सहा सिलिंडरी इंजिनांची हेड दोन लांबीची असतात, साधारण २३ इंच आणि २५ इंच. टेप लावली, २३ भरले.

३. स्ट्रोक मोजा. या इंजिनांत सहाव्या सिलिंडरच्या वर एक छोटा बूच असतो. तो काढून आत तार सोडायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन सर्वात वर आणि सर्वात खाली असतानाच्या मापांतला फरक म्हणजे स्ट्रोक. १११ मिमी आला तर बहुधा २१८ घनइंचाचं इंजिन, ११७ आला तर २३० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ३.८ लिटर. आमचा ११७ आला.

४. नंबर वाचा. उठावदार आकडे ओतकामाचे असतात, ते फक्त त्या भागाचा साचा सांगतात. इंजिनाचा खरा नंबर ठोकलेला असतो. या इंजिनांत तो डाव्या बाजूला, पुढच्या भागात, हेडच्या जरा खाली सपाट जागेवर मिळतो. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर कायमचा जाईल. रॉकेलने पुसा, खडू चोळा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि फोटो काढून झूम करा.

खडूत अक्षरं उमटली: टी २१४. 'टी' म्हणजे ट्रक. आणि टी २१४ हे दुसऱ्या महायुद्धातल्या पाऊण टनी लष्करी डॉजचं इंजिन! युद्ध संपल्यावर अशा गाड्या लिलावात निघाल्या आणि लोकांनी त्या वर्षानुवर्षं वापरल्या. काकांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

आता गंमत बघा. डॉज हा क्रायस्लरचाच ब्रँड. ज्या क्रायस्लरशी वालचंद यांचा करार होऊन पडला होता, तिचेच ट्रक युद्धासाठी तयार होऊन बोटीने येत होते. इथे बनवायला वाव नाही, आयात मात्र चालू.

कुर्ला आणि नंतर

प्रीमियर ऑटोमोबाईल्स अखेर १९४४ मध्ये नोंदली गेली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ गाड्यांची जुळणी सुरू झाली. ट्रकवर फार्गो हे नावही असे, पण फार्गो म्हणजे बिल्ला बदललेली डॉजच. म्हणून बॉनेटवरच्या नावावरून इंजिन ओळखायला जाऊ नका.

१९४८ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या गोदीत बांधलेलं 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी वालचंद यांना पक्षाघात झाला आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथे ते वारले.

पुढे धोरण बदललं. नुसती जुळणी नको, सुटे भाग इथेच बनवा, असा सरकारचा आग्रह सुरू झाला. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ मध्ये इथून निघून गेल्या, प्रीमियर राहिली. वालचंद यांना हवं होतं ते हेच, पण बघायला ते नव्हते. आज फोन असेंबल करणं आणि त्यातली चिप बनवणं यावर आपण जो वाद घालतो, तो मुळात त्यांचाच आहे.

तुमच्या गावातही एखादं इंजिन गंजत पडलेलं असेल. भंगारात घालण्याआधी एकदा खडू आणि टॉर्च घेऊन जा, आणि नंबराचा फोटो नक्की जपून ठेवा.