गणिताची गिरणी : चार्ल्स बॅबेज

आज विद्यापीठांत संगणकाच्या साहाय्याने गणिताचे अवघड प्रश्न सोडवले जातात. कारखान्यात कोणते काम कोणी करावे, त्याला किती वेळ आणि किती खर्च लागेल, याचा अभ्यासही संगणकावर होतो. असे संशोधन करणाऱ्यांना पीएच.डी. ही पदवी मिळते. गणित आणि कारखाना हे विषय तसे एकमेकांपासून दूरचे वाटतात. एक विषय फळ्यावर शिकवला जातो, तर दुसरा तेल, धूर आणि आवाज यांत असतो. पण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका माणसाला या दोन्हींत एकच तत्त्व दिसले. त्या माणसाचे नाव चार्ल्स बॅबेज.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील बँकेचा व्यवसाय करीत. घरी पैशाला तोटा नव्हता, पण चार्ल्स लहानपणी वारंवार आजारी पडत. गणिताची गोडी त्यांना शाळेतच लागली. १८१० मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे गणित जुन्या पद्धतीने शिकवले जात होते. युरोपातील नवी पद्धत इंग्लंडमध्ये यावी म्हणून बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आणि इतर मित्रांनी १८१२ मध्ये एक मंडळ स्थापन केले. १८१४ मध्ये बॅबेज यांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. मानसन्मान मिळाला, नोकरी मात्र मिळेना. बरीच वर्षे घरखर्च वडिलांच्या पैशावरच चालला.

त्या काळी मोठे हिशेब करायला आकड्यांचे तक्ते वापरीत. खलाशी समुद्रात आपले जहाज कोठे आहे हे अशाच तक्त्यांवरून काढीत. विम्याचे, खगोलाचे, बांधकामाचे हिशेबही तक्त्यांवर चालत. हे तक्ते माणसे हाताने तयार करीत. अशा माणसांना इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणजे गणना करणारा असे म्हणत. तेव्हा कॉम्प्युटर हे यंत्राचे नव्हे, माणसाचे नाव होते! माणूस थकतो, त्याचे लक्ष उडते. मग बेरीज चुकते. बेरीज बरोबर आली तरी नक्कल करताना किंवा छापताना एखादा आकडा बदलतो. चुकीच्या आकड्यावर विसंबून चाललेले जहाज खडकावर जाण्याची भीती असे.

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल खगोलाचे असेच तक्ते तपासत बसले होते. दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेली आकडेमोड ते ताडून पाहत होते. चुकांमागून चुका निघू लागल्या. बॅबेज अगदी कंटाळून गेले. ही आकडेमोड वाफेच्या यंत्राने झाली तर किती बरे होईल, असे त्यांच्या तोंडून निघून गेले. त्या दिवसापासून हा विचार त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

आकडेमोड यंत्राकडे सोपवता येईल, असे त्यांना का वाटले? याचे एक कारण फ्रान्समध्ये होते. राज्यक्रांतीच्या काळात प्रोनी नावाच्या इंजिनियरकडे फार मोठे तक्ते तयार करण्याचे काम आले होते. हे काम एका जन्मात पुरे होणार नाही, असे त्यांना दिसले. अ‍ॅडम स्मिथ यांच्या पुस्तकात त्यांनी टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन वाचले होते. एकच कारागीर पूर्ण टाचणी बनवत नाही. एक तार ओढतो, दुसरा टोक काढतो, तिसरा डोके बसवतो. प्रोनी यांनी गणिताचेही तसेच केले. वरच्या गटात मोजके मोठे गणिती होते. त्यांनी सूत्रे ठरवली. मधल्या गटात सात-आठ जाणकार होते. त्यांनी सूत्रांत आकडे घालून कामाची आखणी केली. तिसऱ्या गटात साठ ते ऐंशी माणसे होती. त्यांतील बहुतेकांना बेरीज आणि वजाबाकी यांपलीकडे गणित येत नव्हते, तरीही तक्ते त्यांच्याच हातून तयार झाले.

नुसत्या बेरजेने एवढे मोठे काम कसे होते, हे तुम्हीही करून पाहू शकता. वर्गसंख्या लिहा : १, ४, ९, १६, २५. शेजारच्या दोन संख्यांमधील फरक काढा : ३, ५, ७, ९. आता या फरकांमधील फरक काढा. तो दर वेळी २ येतो. म्हणजे पुढची वर्गसंख्या काढायला गुणाकार नको. ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. मोठ्या सूत्रांनाही ही रीत लागू पडते. जे काम फक्त बेरजेचे आहे, ते दात असलेले पितळी चाकही करील, असे बॅबेज यांनी ओळखले. १८२२ मध्ये त्यांनी एक लहान नमुना बनवला. त्याच्या मोठ्या यंत्राला त्यांनी डिफरन्स इंजिन हे नाव दिले. छापताना चूक होऊ नये म्हणून उत्तराचा ठसाही यंत्रानेच उमटवावा, अशी त्यांची योजना होती. सरकारने १८२३ मध्ये पैसे मंजूर केले. जोसेफ क्लेमंट या नामांकित कारागिराच्या कारखान्यात काम सुरू झाले.

१८२७ हे वर्ष बॅबेज यांच्यासाठी फार वाईट ठरले. त्या एका वर्षात वडील, पत्नी आणि दोन मुले गेली. मन रमेना म्हणून ते युरोपच्या प्रवासाला निघाले. केंब्रिजमध्ये न्यूटन यांनी भूषवलेल्या गणिताच्या आसनावर आपली नेमणूक झाल्याची बातमी त्यांना रोममध्ये कळली. हे पद त्यांनी १८३९ पर्यंत सांभाळले, पण वर्गात एकही व्याख्यान दिले नाही. शिक्षक म्हणून मला हे काही पटत नाही.

त्यांचा खरा वर्ग कारखान्यात भरत होता. आपल्या यंत्राचे भाग कसे बनवता येतील हे पाहण्यासाठी ते युरोपात आणि इंग्लंडमध्ये अनेक कारखान्यांत गेले. तेथे त्यांनी यंत्रेच नव्हे, कामाची रीतही पाहिली. त्यातून १८३२ मध्ये यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थव्यवहारावरचे त्यांचे पुस्तक निघाले. कारखाना पाहायला जाताना कोणते प्रश्न विचारावेत, याची यादीच त्यांनी त्यात दिली आहे. ते सांगतात की, कोणी मोजत आहे असे कळले की मजूर नेहमीपेक्षा भरभर काम करतो. म्हणून मोजणी त्याच्या नकळत करावी. माग चालत असेल तर खोलीबाहेर उभे राहून आवाजावरूनही मिनिटाचे ठोके मोजता येतात. भिवंडी-मालेगावच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको!

टाचण्यांचा हिशेब बॅबेज यांनी अधिक बारकाईने मांडला. टाचणीच्या सात कामांपैकी डोक्याची तार पिळून कापण्याचे काम करणाऱ्या लहान मुलाला दिवसाला साडेचार पेन्स मिळत. टाचण्यांना कल्हई करणाऱ्या कुशल माणसाला सहा शिलिंग, म्हणजे सोळापट मजुरी मिळे. सगळी कामे जाणणारा एकच कारागीर ठेवला, तर सोप्या कामासाठीही त्याला जास्तीची मजुरी द्यावी लागेल आणि टाचण्या पावणेचार पट महाग पडतील. म्हणून काम वाटून द्यावे आणि ज्या कामाला जितके कसब लागते तितक्याच कसबाचे पैसे द्यावेत, असे तत्त्व त्यांनी मांडले. याच पुस्तकात प्रोनी यांच्या तक्त्यांची हकिकत आहे. हाताच्या कामाप्रमाणे बुद्धीचे कामही वाटता येते, हे त्यांना दाखवायचे होते.

मालकाच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. दिवसभर तारच कापणाऱ्या त्या मुलाच्या दृष्टीने तो कसा होता, हा प्रश्न उरतोच. मात्र कारखान्याच्या नफ्यात मजुरांनाही वाटा मिळावा आणि चांगली सुधारणा सुचवणाऱ्याला बक्षीस द्यावे, हेही बॅबेज यांनी त्याच पुस्तकात लिहिले आहे. पुस्तके छापायला किती खर्च येतो आणि विक्रेते किती घेतात, हेसुद्धा त्यांनी आपल्याच पुस्तकाचा हिशेब देऊन उघड केले. पुस्तकविक्रेते अर्थातच रागावले.

इतरांच्या कारखान्यांचा असा हिशेब मांडणाऱ्या बॅबेज यांना स्वतःच्या यंत्राचे काम मात्र तडीस नेता आले नाही. यंत्राचे सुमारे २५,००० भाग लागणार होते. एकसारखी चाके घडवण्यासाठी आधी नवी हत्यारेच बनवावी लागत. १८३२ मध्ये सुमारे २,००० भागांचा एक तुकडा जोडून झाला आणि तो उत्तम चालला. पण पैशावरून क्लेमंट यांच्याशी भांडण झाले. क्लेमंट यांनी १८३३ मध्ये काम थांबवले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हत्यारे कारागिराच्या मालकीची ठरली. एव्हाना सरकारचे सतरा हजारांहून अधिक पौंड खर्च झाले होते. बॅबेज यांनी मेहनतीचा एक पेन्सही घेतला नव्हता. तरी त्यांच्याकडूनही एक गोष्ट अशी घडली की सरकार गोंधळून गेले. पहिले यंत्र अपुरे असताना त्यांनी दुसऱ्या, त्याहून मोठ्या यंत्राची कल्पना सांगायला सुरुवात केली. शेवटी १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. तयार झालेले हजारो भाग पुढे भंगारात वितळवले गेले.

ते दुसरे यंत्र म्हणजे अ‍ॅनालिटिकल इंजिन. १८३४ पासून बॅबेज त्याचे आराखडे काढत होते. पहिले यंत्र एकाच रीतीचे काम करणारे होते; हे यंत्र सांगाल ते गणित करणार होते. त्याचे भाग त्यांनी कापड गिरणीसारखे पाडले. आकडे साठवायचे ते कोठार आणि आकड्यांवर काम करायचे ती गिरणी. गिरणीला हुकूम द्यायचा तो भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. ही युक्ती फ्रान्सच्या जॅकार्ड मागावरून घेतलेली होती. पुठ्ठ्याला जेथे भोक असेल त्याप्रमाणे धागे उचलले जातात आणि नक्षी विणली जाते. जॅकार्ड यांचे असेच रेशमात विणलेले चित्र बॅबेज यांच्याकडे होते; त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. कवी बायरन यांची मुलगी एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये या यंत्रावर विस्तृत टिपा लिहिल्या. अमुक गणित यंत्राने कोणत्या क्रमाने करावे, हे त्यांनी पायरी पायरीने दाखवले. हे यंत्र बॅबेज यांच्या हयातीत कागदावरच राहिले.

१८४९ पर्यंत त्यांनी डिफरन्स इंजिनचाही नवा, सुटसुटीत आराखडा तयार केला. सरकारने तो स्वीकारला नाही. स्वीडनच्या शॉइट्झ या बापलेकांनी बॅबेज यांच्या कल्पनेवरून १८५३ मध्ये एक यंत्र पुरे केले. दुसऱ्या कोणी असता तर जळफळाट केला असता. बॅबेज यांनी त्यांचे मनापासून कौतुक केले. एरवी मात्र त्यांचा स्वभाव उतारवयात तापट झाला होता. रस्त्यावर वाजंत्री वाजवणाऱ्यांशी त्यांचे कायमचे वैर होते. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा हेन्री हिंदुस्थानात कंपनीच्या लष्करात नोकरीला होता. वडिलांच्या मागे त्याने उरलेल्या भागांतून काही नमुने जोडले आणि १९१० मध्ये दुसऱ्या यंत्राच्या गिरणीचा एक भाग तयार केला. पुढे लंडनच्या सायन्स म्युझियमने १८४९ चा तो नवा आराखडा हाती घेतला. बॅबेज यांच्या काळात जितक्या बारकाईने चाके घडवता येत होती तितक्याच बारकाईने ती घडवली गेली. बॅबेज यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, १९९१ मध्ये, यंत्राचा गणना करणारा भाग पुरा झाला. त्यात सुमारे ४,००० भाग आहेत. दांडा फिरवला की चाके ओळीने सरकतात आणि ३१ अंकांपर्यंतचे उत्तर समोर येते. छपाईचा भाग त्याला २००२ मध्ये जोडण्यात आला.