दादासाहेब आणि भूमिहीनांचा सातबारा

नाशिकच्या काळाराम मंदिराचा इतिहास निघाला की २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहाचा उल्लेख होतोच. परंतु त्याचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांनी पुढील चार दशके काय केले, याची आठवण क्वचितच होते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ मध्ये जन्मलेल्या या कार्यकर्त्यावर डॉ. आंबेडकरांचा पूर्ण विश्वास होता. पाच वर्षे झगडूनही मंदिराचे दार उघडले नाही. कदाचित म्हणूनच त्यांची दृष्टी देवाकडून जमिनीकडे वळली असावी.

१९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, पुढे राज्यसभेतही होते. पण त्यांचे खरे सभागृह गावकुसाबाहेरचे! पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून १९५९ आणि १९६४ मध्ये त्यांनी सत्याग्रह उभारले, तुरुंग भरले. रिपब्लिकन पक्षातील काही सुशिक्षित सहकाऱ्यांना हा मार्ग रुचला नाही, आणि मतभेद फुटीपर्यंत गेले. धोतर नेसणाऱ्या या पुढाऱ्याला मजुराची भूक कायद्याच्या कलमाआधी दिसे, हे त्या मंडळींनी ओळखले नाही. काँग्रेसशी त्यांनी केलेली युती मात्र पक्षाला महागात पडली, हेही नाकारता येत नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले, तेव्हा गायरान कसणाऱ्या कित्येकांच्या नावे सातबारा झालेला नव्हता.