अहिल्याबाईंची महेश्वरी लुगडी

अहिल्याबाई म्हटले की आपल्याला घाट नि देवळे आठवतात. लुगडी सहसा नाहीत. चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या या बाईंचे पती १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्रही. मग स्वतः पांढरे नेसणाऱ्या बाईंनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास नेली, बाहेरगावचे विणकर आणून वसविले, आणि तेथील मागांवर इतरांसाठी रंगीत लुगडी उतरू लागली. काठावर नर्मदेची लहर, किल्ल्याच्या दगडांतली नक्षी. काठ दोन्ही अंगांनी सारखा, तेव्हा कोणत्याही बाजूने नेसावे! (सोय बायकांनाच कळते.) बाई १७९५ मध्ये गेल्या. पुढे माग मंदावले. १९७८-७९ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने ‘रेहवा’ संस्था निघाली, आणि महेश्वरच्या बायका स्वतः मागावर बसल्या.