आनंदीबाईंचं ताट

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की आपल्याला शाळेतल्या निबंधाचे मुद्दे आठवतात. अमेरिका, डॉक्टरकी, अकाली मृत्यू. संपलं! घरापासून हजारो मैलांवर राहून शिकणारी ही एक विद्यार्थिनी रोज काय जेवत होती, हे मात्र कुणी सांगत नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र वाचताना मला सारखा तोच प्रश्न पडत राहिला. हॉस्टेलवर राहिलं की माणूस आधी दुसऱ्याच्या ताटात बघतो, त्याला काय करणार!

जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेर कल्याणचं, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने वीसेक वर्षांनी मोठा, आणि बायकोला शिकवायचंच या ध्यासाने पछाडलेला. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात सापडली म्हणून त्यांनी तिला मारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. इतर बायकांना स्वयंपाक केला नाही म्हणून मार बसायचा, हिला केला म्हणून! गोपाळरावांचे गोडवे गाताना हे विसरू नये असं माझं मत आहे. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. औषधपाणी वेळेवर मिळालं नाही. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने तिथून घेतलं.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तिथे डोकेदुखी, ताप, अशक्तपणा सुरूच होता, म्हणजे तब्येत आधीपासूनच नाजूक. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं भर सभेत जाहीर केलं. वय अठराही नाही! या एका वाक्याने त्यांचं जेवण खाजगी राहिलं नाही. ही बाटणार, मांस खाणार, असं म्हणायला अर्धा समाज टपून बसला होता. शाकाहार आता नुसती सवय नव्हती, दिलेला शब्द होता.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने एकट्या निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या खऱ्या, पण घरचं कुणी नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळच रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंकडे उन्हाळा गेला. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत एक मासिक चाळताना गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं, तेवढीच ओळख. पण आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

मावशीचं घर सुटलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. राहायच्या खोलीतली शेगडी पेटवली की खोलीभर धूर व्हायचा. म्हणजे धूर सोसा, नाहीतर थंडी. बाहेर बर्फ, अंगावर साडी, समोर परक्या चवीचं अन्न, त्यातलं बरंचसं वर्ज्य. वर मेडिकलचा अभ्यास. त्या थंडीने आणि त्या आहाराने प्रकृती खालावत गेली, हे सगळेच चरित्रकार लिहितात, पण एका ओळीत उरकतात. आपण इंजिनिअर ना, इनपुट कमी आणि लोड जास्त असेल तर काय होतं ते आपल्याला कळायला हवं.

आनंदीबाईंना आज ज्याला ईटिंग डिसऑर्डर म्हणतात तो होता, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचं खाणं अडलं ते शब्दामुळे आणि सोयीअभावी. पण त्या आजाराला नाव तोवर मिळालं होतं. लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७४ मध्येच अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव छापलं होतं. आणि न खाण्याला शाबासकी द्यायची आपली सवय तेव्हाची आजही तशीच आहे. आपल्या दिघीत बघा ना. आळंदीहून माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याला जाते, उपवास आपल्याला नवा नाही. पण एकादशीला दुसऱ्या दिवशी पारणं असतं. जेवणाची वेळ झाली की रोज काहीतरी निमित्त काढणं, जेवून उठल्याबरोबर बाथरूम गाठणं, दिवसभर उपाशी राहून रात्री लपून पाकिटंच्या पाकिटं संपवणं, हे उपवास नव्हेत. मुलींचंच असतं असंही नाही. जिममध्ये कटिंगच्या नावाखाली पोळी-भात तोडणारी पोरं तुमच्या विंगमध्येही असतील, आणि सगळे त्यांना काय कंट्रोल आहे म्हणतात!

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला गेला. त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना, चिडचिड वाढली, मन खचलं. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. म्हणजे उपासमार आधी, मनाची ही अवस्था नंतर. त्यामुळे रूममेटला इच्छाशक्तीवर लेक्चर देऊन उपयोग नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं.

आनंदीबाईंनी शब्द पाळला. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही ठरली होती. पण वर्षअखेरीस मायदेशी पोचल्या त्या क्षयाने पार खंगून. रोग जंतूंनी होतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवलं होतं, औषध मात्र अजून साठ वर्षं लांब होतं. आणि कुपोषित शरीरात क्षय लवकर बळावतो, हे आज पक्कं माहीत आहे. कोल्हापूरच्या जागेवर त्या कधी रुजू झाल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलींएवढं वय.

गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत.